एक ठिपका जास्त

१७ एप्रिल १८६१ च्या रात्री मद्रासच्या आकाशात एक ठिपका जास्त निघाला.

आकाशात ठिपक्यांना तोटा नसतो, म्हणून ही गोष्ट ऐकायला फार मोठी वाटत नाही. ज्यांना ती मोठी वाटली ते नॉर्मन रॉबर्ट पॉगसन मद्रासच्या सरकारी वेधशाळेचे प्रमुख होते आणि रुजू होऊन त्यांना जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. त्या काळी लघुग्रह शोधण्याची रीत एकच होती. ताऱ्यांचा नकाशा शेजारी ठेवायचा, दुर्बिणीला डोळा लावायचा, आणि आकाशाचा एक छोटासा तुकडा नकाशाशी ताडून पाहायचा, एकेक तारा मोजत. नकाशात नसलेला तारा दुर्बिणीत दिसला, तर तीन शक्यता उरतात. नकाशा काढणारा चुकला असेल. तारा रूपविकारी असेल, म्हणजे नकाशा काढला तेव्हा मंद असलेला आज उजळला असेल. किंवा तो ताराच नसेल. पहिल्या दोन शक्यता नेहमीच्या, तिसरी क्वचितची, आणि यातली कुठली खरी हे त्या घटकेला सांगता येत नाही. थांबावे लागते. काही तासांनी किंवा दुसऱ्या रात्री तोच ठिपका शेजारच्या ताऱ्यांना सोडून सरकलेला दिसला, तरच म्हणायचे की हा सूर्याभोवती फिरणारा दगड आहे.

मद्रासचा ठिपका सरकला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला तो सदुसष्टावा लघुग्रह ठरला, आणि आशिया खंडातून सापडलेला पहिला. पॉगसननी त्याचे नाव ठेवले ‘आशिया’.

ही रीत किती चिवट आहे ते मला २०२५ च्या मे महिन्यात कळले. व्हेस्टा हा पट्ट्यातला सर्वांत तेजस्वी लघुग्रह तेव्हा तूळ राशीत होता, २ मे रोजी प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर, आलेला. शहराबाहेर एका मित्राचे शेतघर आहे, त्याच्या गच्चीवर द्विनेत्री घेऊन बसलो आणि त्या भागातले अकरा तारे वहीत काढले. दुसऱ्या रात्री वही उघडून पाहतो तर दोन तारे हललेले! एक व्हेस्टा. दुसरा माझ्या पेन्सिलीचा प्रताप होता, पहिल्या रात्री मीच तो चुकीच्या जागी काढला होता. व्हेस्टा कुठे आहे हे मोबाइलने आधीच सांगितले होते, म्हणून निभावले. तरी त्या दोघांतला खरा कोण हे ठरवताना मला पाऊण तास लागला, मानेला रग लागली ती वेगळीच. लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास वक्री असतात आणि एका रात्रीत साधारण पाव अंश सरकतात, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या निम्मे. (त्यांच्या वक्री होण्याचा धसका अजून कुणी घेतलेला नाही, हे आपले भाग्य.) तिसऱ्या रात्री ढग आले. त्या ढगांकडे पुन्हा यायचे आहे.

आधी हा सगळा खटाटोप कशासाठी, ते पाहू. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मो गावी जुझेप्पे पियाझ्झींना सेरेस दिसला, पहिलाच लघुग्रह. फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याचे वेध घेतले, आणि मग तो सूर्याच्या तेजात बुडाला. पुन्हा बाहेर येईल तेव्हा कुठे शोधायचा? सापडलेली वस्तू हरवली होती. चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाऊसनी मोजक्या वेधांवरून कक्षा काढण्याची नवी पद्धत बसवली, आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री सेरेस त्यांनी सांगितलेल्या जागेच्या आसपास मिळाला. लघुग्रहाच्या बाबतीत खरा शोध लागतो तो त्याच्या वाटेचा, असे मला वाटते. दगड नुसता दिसतो, आणि दिसलेला दगड हातून निसटू शकतो. १८७३ साली सापडलेला एथ्रा हरवला तो १९२२ मध्ये मिळाला. १९११ मधला आल्बर्ट तर थेट २००० साली सापडला. वाट कळण्यासाठी किमान तीन वेगवेगळ्या वेळचे नेमके वेध हवेत, शिवाय त्यांवर आकडेमोड करणारा कुणीतरी हवा. दुर्बिणीपाशी एक माणूस आणि टेबलापाशी चार. नाव मात्र पहिल्याचे होते.

पॉगसन १८२९ साली नॉटिंगहॅमला जन्मले. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत मदतनीस असताना त्यांनी १८५६ आणि १८५७ मध्ये आयसिस, अरिआड्ने आणि हेस्टिया असे तीन लघुग्रह शोधले होते. पण त्यांचे जे काम आजही रोज वापरात आहे ते वेगळे. तारे किती तेजस्वी हे सांगण्याची ‘प्रत’ ही भाषा ग्रीकांपासूनची. पहिल्या प्रतीचे तारे ठळक, सहाव्या प्रतीचे जेमतेम दिसणारे. पण एका प्रतीत आणि दुसऱ्या प्रतीत फरक किती, याचे ज्याचे-त्याचे गणित निराळे. १८५६ मध्ये पॉगसननी सुचवले की पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात नेमका शंभर पट, म्हणजे एका प्रतीला सुमारे २.५१२ पट. ही सूचना आली कुठे? तेव्हा माहीत असलेल्या छत्तीस लघुग्रहांची पुढच्या वर्षातली तेजस्विता महिनावार देणाऱ्या एका रुक्ष तक्त्याबरोबर. आज व्याधापासून अतिदूरच्या दीर्घिकांपर्यंत सगळ्यांचे तेज ज्या मापाने मोजतात, ते माप या दगडांचा हिशेब ठेवण्याच्या गरजेतून आले.

मद्रासची वेधशाळा नुंगमबाक्कममध्ये होती. आज त्या जागी हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे, आणि आवारात जुन्या वेधशाळेचा ग्रॅनाइटचा खांब अजून उभा आहे. त्यावर एके काळी वेधयंत्र बसवलेले असे. खांबावर १७९२ हे साल आहे आणि अनेक भाषांतले लेख कोरलेले आहेत, त्यांत तमिळ आणि तेलुगूही आहेत. मजकुराचा मतलब असा, की ब्रिटिशांच्या औदार्याने आशियात गणितशास्त्रांचे रोप प्रथम कधी लागले, हे हजार वर्षांनंतरच्या लोकांना कळावे. आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्या देशात उभे राहून हे दगडावर कोरायला छातीच लागते. पण त्या आवारातल्या माणसाने पुढे आपल्या दगडाला ‘आशिया’ म्हणावे, यात मला थोडी मौज वाटते. त्या काळी लघुग्रहांना ग्रीक-रोमन देवतांची नावे देण्याचा दंडक होता, आणि ग्रीक पुराणात आशिया नावाची एक जलदेवता आहे. त्यामुळे खंडाचे नावही लागले आणि दंडकही मोडला नाही.

बातमी गेली बोटीने. हिंदुस्थान आणि युरोप यांच्यातली तार १८६५ मध्ये जोडली गेली. १८६१ मध्ये टपाल सुवेझमार्गे जाई आणि पोहोचायला महिनाभर लागे. महिनाभरात लघुग्रह आकाशात कितीतरी अंश पुढे गेलेला. म्हणजे पत्रात ‘सापडला’ एवढेच लिहून भागणार नव्हते. बर्लिनच्या किंवा लंडनच्या माणसाला तो आज कुठे असेल हे काढता यावे, इतके नेटके वेध सोबत हवेत. स्पर्धाही होती. त्या एका एप्रिलमध्ये जगात चार लघुग्रह सापडले: अमेरिकेत माया, मद्रासला आशिया, जर्मनीत लेटो आणि मिलानमध्ये हेस्पेरिया. शेवटचा शोधला तो पुढे मंगळावरच्या ‘कालव्यांमुळे’ गाजलेल्या स्किआपरेल्लींनी.

पॉगसन तीस वर्षे मद्रासलाच राहिले आणि १८९१ मध्ये तिथेच वारले. या काळात आणखी चार लघुग्रह त्यांच्या नावावर लागले: १८६४ मध्ये साफो, १८६६ मध्ये सिल्व्हिया, १८६८ मध्ये कॅमिला, १८८५ मध्ये व्हेरा. त्यांतली सिल्व्हिया पुढे लेकुरवाळी निघाली. तिला एक चंद्र असल्याचे २००१ मध्ये कळले आणि दुसरा २००५ मध्ये जाहीर झाला. दोन चंद्र असलेला माहीत झालेला तो पहिला लघुग्रह. मद्रासच्या दुर्बिणीत तो एक साधा ठिपका होता.

पण टेबलापाशी कोण होते? पॉगसनचे मुख्य सहायक चिंतामणी रघुनाथाचारी. १८६७ मध्ये त्यांनी दक्षिण आकाशातल्या जालक तारकासमूहातला एक रूपविकारी तारा ओळखला. तीन शक्यतांमधली दुसरी, ती त्यांच्या वाट्याला आली. १८७२ मध्ये ते लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळालेले पहिले भारतीय. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाविषयी त्यांनी लोकांसाठी पुस्तिका लिहिली, इंग्रजीबरोबर देशी भाषांतही. पंचांगातले ग्रह आकाशात जिथे दिसतात तिथेच पंचांगात असावेत, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो त्यांना सोपा गेला नाही. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. याच सुमारास, शके १७८७ पासून, पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, हेच भांडण भांडत होते. त्यांचे पंचांग पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. केरूनानांनी तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केले होते. सरकारी वेधशाळेत दिवसा आकडे भरायचे आणि घरी येऊन तेच आकडे पंचांगाला लावून पाहायचे, अशी ही माणसे. संक्रांत नेमकी कधी यावरून गावात दोन तट पडत, आणि त्या तटांच्या मुळाशी कुठेतरी वेधशाळेची नोंदवही असे.

मद्रासच्या त्या नोंदवहीने मुंबईलाही सुखाने बसू दिले नाही. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत, आणि ती वेळ पॉगसनच्या वेधशाळेतून येई. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या अर्धा तास मागे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रास वेळ लावली तेव्हा शहराने इतकी कटकट केली की १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. आमचा सूर्य मद्रासहून का उगवावा, हा मुंबईकरांचा मुद्दा होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

टेबलापाशी आणखी एक व्यक्ती होती: पॉगसनची मुलगी एलिझाबेथ आयसिस. तिचा जन्म १८५२ चा. वडिलांच्या पहिल्या लघुग्रहाला आयसिस हे नाव ती लहान असताना मिळाले, आणि ते तिच्यावरूनच ठेवले असे मानतात. आई १८६९ मध्ये गेल्यावर घर आणि लहान भावंडे तिच्याकडे आली. १८७३ पासून ती वेधशाळेत गणक म्हणून लागली, पगार महिना दीडशे रुपये. साहेबाच्या घरच्या स्वयंपाक्याला किंवा गाडीवानाला मिळे तितका, असे म्हणतात. पंचवीस वर्षे तिने हे काम केले, वर १८८१ पासून मद्रास सरकारच्या हवामानाच्या नोंदीही सांभाळल्या. १८८६ मध्ये वडिलांनी तिचे नाव त्याच रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या फेलोपदासाठी सुचवले. सोसायटीने वकिलांना विचारले. वकिलांनी १८३१ ची सनद काढून सांगितले की बाईला फेलो करता येत नाही. नाव मागे घेतले गेले. ती फेलो झाली १९२० मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, लग्नानंतरच्या नावाने. खगोलशास्त्र सोडून तिला तोवर बरीच वर्षे झाली होती. बेचाळिसाव्या लघुग्रहासमोर तिचे नाव त्या वेळी चौसष्ट वर्षे छापले जात होते, आणि त्याला कुणाच्या सनदेची आडकाठी नव्हती.

आता ढगांची गोष्ट. नोव्हेंबर १८७२ च्या शेवटी पॉगसनना जर्मनीतल्या ग्योटिंगेनहून क्लिंकरफ्यूस यांची तार आली. बिएला नावाचा हरवलेला धूमकेतू पृथ्वीला चाटून गेला असावा, नरतुरंग तारकासमूहातल्या थीटाजवळ शोधा, असा तारेचा आशय. पॉगसननी शोधले, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन पहाटे त्यांना एक धूमकेतू खरोखर दिसला. मग आकाश झाकले ते झाकलेच. वेध दोन रात्रींचेच, तिसरा नाही. तिसऱ्याशिवाय वाट निघत नाही. तो बिएला होता की भलताच कुणी हे आजतागायत सुटलेले नाही, आणि तो धूमकेतू पुन्हा कुणाला दिसलेला नाही. धूमकेतूंच्या यादीत तो ‘पॉगसनचा’ म्हणून आहे, पण कक्षा नसलेल्यांच्या रांगेत. माझ्या वहीत त्या मे महिन्यातले दोन ठिपके आहेत आणि तिसऱ्या रात्रीची कोरी चौकट आहे. मी व्हेस्टा हरवला नाही, कारण तो आधीच इतरांनी धरून ठेवलेला आहे. पॉगसनना ती सोय नव्हती.

पॉगसन जून १८९१ मध्ये गेले. त्याच वर्षी डिसेंबरात हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी छायाचित्रातून पहिला लघुग्रह पकडला. काचेवर तारे ठिपक्यासारखे उमटतात आणि लघुग्रहाची बारीकशी रेघ उमटते, नकाशा ताडत बसायला नको. एकेक तारा मोजण्याचे युग सहा महिन्यांच्या अंतराने त्यांच्या मागोमाग गेले. १८९९ मध्ये वेधशाळेचे मुख्य काम कोडैकनालला हलले, तिथे सूर्याचा अभ्यास सुरू झाला, आणि १८८५ च्या व्हेरानंतर भारतातून लघुग्रह सापडणे थांबले ते शंभराहून अधिक वर्षे.

खंड पडला तो तमिळनाडूतच सुटला. जवादी टेकड्यांतल्या कावलूरच्या वेणू बाप्पू वेधशाळेत आर. राजमोहन यांच्या ‘कल्की’ प्रकल्पाने ४५ सेंटिमीटरच्या श्मिट दुर्बिणीवर १९८८ च्या सुरुवातीला लघुग्रह पकडले. १७ फेब्रुवारीचा पुढे ४१३० क्रमांकाचा ‘रामानुजन’ झाला. मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये हिशेबनीस असलेल्या रामानुजनांना मद्रासचाच जुना धंदा चिकटला, हे बरे झाले.

नावांची गंमत तशी जुनीच. १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या योहान पालिसा यांनी ग्रहणाच्या मोहिमेसाठी पैसे हवेत म्हणून एका लघुग्रहाचे नाव पन्नास पौंडांना विकायला काढले, आणि एका बड्या सावकाराने ते बायकोसाठी घेतले. आता विक्री बंद आहे. नाव सोळा अक्षरांच्या आत हवे, शक्यतो एका शब्दाचे हवे, आणि राजकारणी किंवा सेनानी मरून शंभर वर्षे झाल्याशिवाय त्यांचे नाव लागत नाही. पाळीव प्राण्यांचीही नको, कारण एकाने आपल्या मांजराचे ठेवून दाखवले होते. २०१९ मध्ये गायक पंडित जसराजांचे नाव आले ते ‘पंडितजसराज’ असे एका शब्दात, ते या दंडकामुळेच. हा लघुग्रह ११ नोव्हेंबर २००६ रोजी ॲरिझोनातल्या माउंट लेमन सर्वेक्षणाने टिपला. तेव्हा त्याचे तात्पुरते नाव ‘२००६ व्हीपी ३२’ असे होते, आणि हे नाव म्हणजे एक लहानसा हिशेब आहे. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पी हे अक्षर आय वगळून पंधरावे, आणि ३२ म्हणजे पंचवीस अक्षरांची माळ बत्तीस वेळा संपली. बत्तीस गुणिले पंचवीस आठशे, अधिक पंधरा. त्या पंधरवड्यात नोंदलेली ती आठशे पंधरावी वस्तू. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३०, आणि लघुग्रहाचा कायमचा क्रमांक ३००१२८. तारीख उलटी लिहिली की क्रमांक. मुंबईत स्थायिक झालेल्या, चित्रपट-दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या या जावयाला असा क्रमांक कुणी हेरून दिला असेल, तर त्याला दाद द्यायला हवी.

आज कायमचा क्रमांक मिळालेले लघुग्रह आठ लाखांच्या वर आहेत. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ च्या जूनमध्ये पहिली चित्रे दाखवली, त्यांत सुमारे दहा तासांच्या निरीक्षणात २,१०४ नवे निघाले. आपल्याकडची शाळकरी मुलेही आंतरराष्ट्रीय मोहिमांतून हे काम करतात. हवाईच्या दुर्बिणीची चित्रे संगणकावर एकामागून एक चालवायची आणि काय हलते ते पाहायचे. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी ‘अमुक गावच्या विद्यार्थिनीने ग्रह शोधला’ असे येते. ते खोटे नसते, पण घाईचे असते. कक्षा पक्की होऊन क्रमांक मिळायला पुढे कित्येक वर्षे जातात, तोवर ती मुलगी कॉलेजातून बाहेर पडलेली असते.

आशिया काय करते आहे? साधारण ५८ किलोमीटर रुंदीचा खडकाळ गोळा, पुणे–लोणावळा रस्त्याहून थोडा आखूड. त्याचा दिवस सोळा तासांचा. सूर्याभोवतीची एक फेरी ३.७७ वर्षांची, म्हणजे मंगळाच्या दोन वर्षांइतकी. मंगळाने दोन चकरा मारल्या की आशियाची एक. मद्रासच्या त्या रात्रीपासून तिच्या त्रेचाळीस फेऱ्या पुऱ्या झाल्या आहेत. चांगल्या प्रतियुतीत ती दहाव्या प्रतीच्या आसपास येते. चार इंची दुर्बीण आणि काळोखी जागा मिळाली तर दिसू शकते. पुढची प्रतियुती गाठायची असे ठरवले आहे. या वेळी तारे पेन्सिलीने न काढता आधी छापील नकाशा आणणार आहे, आणि त्यात नसलेला एखादा ठिपका दिसलाच तर दुसऱ्या रात्रीपर्यंत कुणाला सांगणार नाही.